पाडा, पण आधी मोजून घ्या

प्रति,
बोळातल्या शेवटच्या वाड्याचे मालक,
त्या वाड्याचा पुनर्विकास हाती घेतलेले विकसक,
आणि बोळातल्या तिन्ही नव्या सोसायट्यांच्या कमिट्या,
नारायण पेठ, पुणे.

स.न.वि.वि.

तुम्ही वाड्याच्या दिंडी दरवाजावर चिकटवलेला कागद गेल्या सोमवारी वाचला. मजकूर सुटसुटीत आहे. दिवाळीनंतर वाडा उतरवणार. मागच्या चौकातला आड बुजवणार. इमारत उभी राहिली की बोळाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी गेट बसवणार, "रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी". खाली चार सह्या. चौघांपैकी एकालाही या बोळात लहानपणी गुडघा फुटलेला नाही, म्हणून हे पत्र. उघडं अशासाठी लिहिते आहे की जूनमध्ये पाठवलेल्या बंद पाकिटातल्या पत्राची तुमच्याकडून साधी पोचही आली नाही.

माझी ओळख करून देते. मी याच बोळात जन्मले, १९६४ साली, दुसऱ्या वाड्यात, मागच्या चौकातल्या दोन खणांत. लग्न होईपर्यंत तिथेच होते, आणि आई शेवटपर्यंत तिथेच राहिली म्हणून माझं जाणं-येणं कधी सुटलं नाही. पुढे चौतीस वर्षं मी इंजिनिअरांच्या हाताखाली नकाशे काढले. (माझ्या टेबलावरच्या पाटीवरही "ड्राफ्ट्समन" असंच लिहिलेलं होतं, बाईसाठी वेगळी पाटी कोणी केली नाही.) त्या नकाशांमध्ये पेठांतले वाडे उतरवून बांधलेल्या इमारतींचे नकाशेही होते. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे, आणि तो मी नाकारत नाही.

वाडा पाडू नका, असं मी म्हणत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही "म्हातारीला जुन्याची हौस" म्हणून पत्र बाजूला ठेवाल. ज्यांना वाडा रम्य वाटतो त्यांनी आषाढात पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहून बघावं. आमच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडांना दोन संडास होते. वरच्या माडीवर कोणी धावलं की कडीपाटातून माती गळायची, थेट ताटात. आमच्याकडे जेवायच्या जागेवर आईने जुनं लुगडं ताणून बांधलं होतं आणि महिन्या-दीड महिन्याने ते सोडून झटकायचं काम माझ्याकडे असे. शेराच्या मापाने माती निघायची. २०११ मध्ये वाडा उतरवला, २०१४ मध्ये आईला लिफ्ट असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, आणि तिला आनंदच झाला. पहिले पंधरा दिवस ती रात्री उगाचच उठून, दिवा लावून, घरातला संडास बघून यायची.

मालकांचंही मला कळतं. आमचं भाडं महिना सतरा रुपये होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी गोठवली आणि पेठांतले मालक त्या तारखेत अडकून पडले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. सतराचे चार टक्के म्हणजे अडुसष्ट पैसे. अडुसष्ट पैशांत कौलही येत नाही. दुरुस्ती मालकाने करायची नाही कारण परवडत नाही, भाडेकरूने करायची नाही कारण घर त्याचं नाही, आणि दर पावसाळ्याआधी दारावर धोकादायक असल्याची नोटीस. अशात तुळई कुजली तर तिला दोष काय द्यायचा? शनिवारवाड्याभोवतीच्या लोकांचे तर याहून हाल. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधायचंच नाही आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीशिवाय नाही, या २०१० च्या दुरुस्तीने त्यांना ना धड राहता येतं ना धड पाडता येतं. आपल्या बोळाला तो जाच नाही. तेवढ्याबाबतीत आपण नशीबवान.

तेव्हा पाडा. पण काय पाडताय ते एकदा नीट बघा.

तुमच्या कागदावर या वाड्याचा उल्लेख "जुनी मोडकळीस आलेली वास्तू" असा आहे. आम्ही त्याला आप्पांचा वाडा म्हणत होतो. आप्पा मालक नव्हते हं. दर्शनी ओट्यालगतच्या एका खणात राहणारे भाडेकरू होते, पलीकडच्या छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. नारायण पेठेत तेव्हा छापखान्यांची खडखड कानावर पडल्याशिवाय सकाळ व्हायची नाही. आप्पांची बोटं कायम शिशाने काळी. दिवसभर उलटी अक्षरं जुळवल्यामुळे त्यांना सुलटंच वाचायला वेळ लागतो, असं आम्ही पोरं म्हणायचो आणि ते आम्हाला तसं म्हणू द्यायचे. माझा सहामाहीचा निकाल मी पाठीमागे लपवला तर ते कागद उजेडात धरायला सांगून मागच्या बाजूने गुण वाचायचे. गणितातले तर फारच मोठ्याने.

दरवर्षी बोळाच्या गणपतीची वर्गणी गोळा झाली की आप्पा सगळ्या बिऱ्हाडांची यादी छापायचे. छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदावर, कधी गुलाबी, कधी पिस्ता. चार वाडे, एकेचाळीस बिऱ्हाडं. १९७५ ची यादी माझ्याकडे आहे, पिस्ता रंगाची, घड्यांवर विरलेली. प्रत्येक नावापुढे ठिकाण आणि रक्कम. "मागचा चौक, जिन्याखाली: आठ आणे." "माडी, कोकणातली मुले: मिळून दोन रुपये." "पुढील ओटा, शिवणकाम: पाच रुपये व गणपतीची मखमल." आणि एका नावापुढे, ते नाव मी इथे देणार नाही, आप्पांनी छापलं आहे: "वर्गणी नाही. आरतीस रोज उभे."

ही पाच शब्दांची नोंद मला अजून हलवते. त्या गृहस्थांची गिरणीतली नोकरी गेली होती हे सगळ्या बोळाला ठाऊक होतं. त्यांचं नाव वगळलं असतं तर ते दिसलं असतं, आणि नुसतं शून्य छापलं असतं तर ते टोचलं असतं. आप्पांनी तिसरी वाट काढली.

मखमल देणाऱ्या मावशींकडे पायाने चालवायचं मशीन होतं. बोळातल्या प्रत्येक मुलीचा पहिला परकर तिथे शिवला गेला आणि त्यासाठी लागलेलं माप त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं. फ्रॉकचं, परकराचं, पुढे ब्लाऊजचं. नावं नाहीत, फक्त आद्याक्षर आणि आकडे. कोण किती वाढलं, कोण बाळंतपणानंतर सुटलं, सगळं त्या चौकटीवर. ती चौकट पहिल्या वाड्याबरोबर गेली. पहिला वाडा उतरताना मी परगावी होते. आल्यावर कळलं की सगळं लाकूड ट्रकात घालून गेलं. सागवानाला गिऱ्हाईक असतंच. जुन्या वाड्यांचे खांब कुठल्याशा हॉटेलात किंवा फार्महाउसवर पॉलिश करून उभे असतात आणि त्याला लोक वाडा म्हणतात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आज माझं बारा वर्षांचं कमरेचं माप असेल.

आता त्या दिंडी दरवाजाविषयी. ज्यावर तुम्ही कागद चिकटवलात.

आत शिरताना डाव्या हाताच्या बाहीवर, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडावर, माझ्या डोक्याच्या वीतभर वर, एक आडवी खाच आहे. तेलाच्या राबाने बुजत आली आहे, पण बोट फिरवलं की लागते. तिच्याखाली पटाशीने कोरलेलं आहे: १२-७-६१. त्या बुधवारी पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. आपल्या बोळात पाणी कुठवर चढलं होतं त्याची ती रेघ आहे. खूण आप्पांनीच केली, पाणी ओसरल्यावर, भिंतीवरचा ओला डाग वाळायच्या आत. माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीची गोष्ट, पण आमच्याकडे ती इतक्या वेळा सांगितली गेली की गाळाचा वास मला आठवतो असंच वाटतं. छापखान्यात खिळ्यांच्या केसेस चिखलाने भरल्या होत्या. आप्पा उरलेला पावसाळाभर चौकात बसून अक्षरं धूत होते. काना, मात्रा, वेलांट्या वेगवेगळ्या घमेल्यांत.

आणि पाणी कुठलं होतं, तर याच आडाचं. खडकवासलाच वाहून गेल्यावर नळाला पाणी येणार कुठून? पेठांमधल्या विहिरी, आड, कात्रजच्या पाण्यावरचे पेशवाईतले हौद, यांनी त्या दिवसांत शहराला तगवलं. आपला आड गाळाने भरला होता. माणसं दोर बांधून खाली उतरली, तीन दिवस उपसा केला, आणि चौथ्या दिवशी एकेचाळीस बिऱ्हाडांनी रांग लावली. हा आड तुम्ही दोन डंपर राडारोड्याने बुजवणार आहात.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, आणि सगळ्यांत जड, तिसऱ्या वाड्याच्या भाडेकरूंची. २०१७ मध्ये नऊ बिऱ्हाडं बाहेर काढली. करार चोवीस महिन्यांचा, तोवर पर्यायी घराचं भाडं विकसकाने द्यायचं. एप्रिल २०२० पासून भाडं थांबलं. लॉकडाऊनचं कारण पहिले सहा महिने कुणालाही पटलं असतं. पुढची अडीच वर्षं काय होतं? घरं मिळाली २०२३ मध्ये. तोवर दोघं गेले, एक धायरीला, एक कात्रजच्या पुढे, अशा खोल्यांमध्ये की जिथे शेजारच्याला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. त्यांतले एक आमचे पोस्टातले नाना. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचलेला माणूस शेवटी पत्त्याविना गेला. नानांच्या मुलाने थकलेल्या भाड्यासाठी किती फेऱ्या मारल्या ते तुमच्यापैकी एका कमिटीला चांगलं ठाऊक आहे. आणि आता शेवटच्या वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांपुढे जो मसुदा ठेवला आहे, त्यातही तीच चोवीस महिन्यांची ओळ आहे, शब्दन् शब्द तशीच. थकलं तर काय, यावर एक अक्षर नाही.

दुसरी. तीन वाडे गेले आणि एकाचाही मोजणी नकाशा कुणी केला नाही. मंजुरीसाठी लागतो तो जागेचा नकाशा झाला असेल, तो मी धरत नाही. मी म्हणते आहे ते वाड्याचं माप: जोतं किती उंच, खण किती, खांब किती अंतरावर, चौकातलं पाणी कुठून वाहून जायचं, कोण कुठे राहायचं. भाडेकरूंनाच विचारा, आपल्या खोलीचं क्षेत्रफळ सिद्ध करायला त्यांना किती ठिकाणी हात जोडावे लागतात. आधी मोजून सह्या झाल्या असत्या तर ती वेळ आली नसती.

तिसरी, आडाची. दुसऱ्या वाड्याच्या जागी तळघरातल्या पार्किंगचा खड्डा खणला तेव्हा पाणी लागलं. तीन महिने पंप लावून ते चोवीस तास बोळात सोडलं. आम्ही पायजमे वर करून चालायचो. आज त्याच सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. बोळात शिरत नाही म्हणून तोंडाशी उभा राहतो आणि पाइप ओढतात. तो पाइप ज्या भिंतीला घासून जातो, त्या भिंतीच्या पलीकडे आड आहे, भर उन्हाळ्यात हातभर दोरावर पाणी असलेला. मला हे हिशेबाचंच कळत नाही, भावनेचं राहू द्या.

चौथी, गेटाची. बोळ तुमच्या बापजाद्यांचा नाही, तसा माझ्याही नाही. सिटी सर्व्हेच्या नकाशात तो आरपार दाखवलेला आहे. मी तो नकाशा काढून घेतला आहे, बघायचा असेल तर दाखवीन. सकाळी शाळेची मुलं, दुपारी लक्ष्मी रोडवरून पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका, रात्री अकरानंतर अभ्यासिकांमधून परतणारी गावोगावची पोरं, यांची ही वाट आहे. त्यांना वळसा पडला तर चारशे पावलं जास्त, मी मोजली आहेत. चोऱ्या होतात म्हणता. आमच्या वेळी दिंडीला फक्त रात्री अडसर असायचा आणि तरी चोरी व्हायची नाही, असं खोटं मी सांगणार नाही. आमची पितळी घागर गेली होती, ती मिळाली नाही. पण चोर कळशी घेऊन निघाला तर ओट्यावर कुणीतरी बसलेलं असण्याची शक्यता असायची. तुम्ही तिन्ही इमारतींत रस्त्याकडे तोंड करून बसायला एक पायरीसुद्धा ठेवलेली नाही, सगळा तळमजला गाड्यांना दिला, आणि आता म्हणता बोळ सामसूम असतो.

राहिली नावाची गोष्ट. ती बारीक आहे, पण सांगते. पहिल्या इमारतीचं नाव इंग्रजी आहे, दुसरीचंही, आणि तिसरीच्या नावात "हेरिटेज" आहे. ज्या गावाने मारुतीला जिलब्या आणि पत्र्या म्हटलं, विठोबाला पासोड्या म्हटलं, मुरलीधराला खुन्या म्हणायला कचरलं नाही, त्या गावात शेजारपाजार बघून नाव ठेवायची अक्कल इतकी कशी आटली? चौथीला तरी नीट नाव द्या. मी सुचवलेलं मान्य करा असा आग्रह नाही, पण आप्पांच्या घरच्यांना एकदा विचारा.

माझ्या मागण्या अशा:

वाड्यातल्या सहाही बिऱ्हाडांबरोबर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय एक कौलही काढू नका. त्यात पहिल्या वर्षाचं भाडं आगाऊ आणि पुढच्या मुदतीसाठी बँक गॅरंटी हवी. तिसऱ्या वाड्याचं थकलेलं भाडं, गेलेल्यांच्या वारसांसकट, त्याआधी चुकतं करा.

वाडा उतरवण्याआधी त्याचा पूर्ण मोजणी नकाशा आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा. तळमजला, माडी, दोन छेद आणि दर्शनी बाजू. एक प्रत प्रत्येक बिऱ्हाडाला, एक चारही सोसायट्यांच्या दप्तरी. हे काम मी करून देते, एक पैसा न घेता. मला फक्त शिडी धरायला एक माणूस लागेल.

दिंडीची डावी बाही, खाचेसकट, नव्या इमारतीच्या प्रवेशाशी त्याच उंचीवर बसवा. उंची चुकली तर ठेवण्यात काही अर्थ नाही, ती पाण्याची उंची आहे. उरलेलं लाकूड विका, माझी हरकत नाही, पण काय गेलं, कुठे गेलं याची यादी ठेवा.

आड बुजवू नका. गाळ काढा, वर जाळी बसवा, पंप लावा. फ्लशला आणि गाड्या धुवायला चारही इमारतींना पुरेल. पार्किंगच्या दोन जागा कमी होतील, तेवढं सोसा.

बोळाला गेट नको. दिवे लावा, मी वर्गणी देते.

आणि प्रवेशाशी एक पाटी. पुण्यात थोर माणसांच्या घरांवर निळे फलक आहेत, ते योग्यच आहे. आमच्या बोळात थोर कोणी नव्हतं. पाटीवर आप्पांची १९७५ ची यादी तशीच छापा, ज्यांच्या घरच्यांची संमती येईल त्यांच्या नावांसह. एकेचाळीसपैकी एकोणतीस घरांशी मी बोलले आहे, सत्तावीस हो म्हणाली. एकाने विचार करून सांगतो म्हटलं. आणि "वर्गणी नाही, आरतीस रोज उभे" या नावाच्या मुलीने फोनवर बराच वेळ काही न बोलता शेवटी विचारलं की रक्कम छापणार की नाही. मी म्हटलं, तू सांगशील तसं. तिने अजून सांगितलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मोजपट्टी, ओळंबा आणि कागद घेऊन दिंडीपाशी येते आहे. तुमचा कागद चिकटवल्यापासून दिंडीला नवं कुलूप दिसतं. किल्ली कुणाकडे आहे तेवढं शनिवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर ओट्यापासून सुरुवात करीन, तो बाहेरच आहे.

कळावे,

दुसरा वाडा, मागचा चौक, दोन खण, या बिऱ्हाडातली धाकटी